येते हं

हीटरवरचे ओले मोजे उलटत निशिगंधा बाबांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. बाहेर लाइपझिगचं आभाळ दुपारीच काळवंडलं होतं. बाबांना हल्ली काही आठवत नसे. लेक शिकायला परदेशी गेलीय, हेही नाही. लेक्चरची वेळ झाली. "येते हं, बाबा," म्हणून तिनं फोन ठेवला.

परतताना, गळलेल्या पानांच्या चिखलातून चालत असताना दादाचा फोन आला. "अगं, 'येते' नको म्हणत जाऊस. अंधार पडला तरी बाबा फाटकाशी बसलेत. पोरगी येतेय म्हणतात."

दुसऱ्या दिवशी तिनं मन घट्ट केलं. "जाते, बाबा."

बाबा एकदम कावरेबावरे झाले. "असं बोलू नये, पोरी. येते म्हणावं."

"येते," ती कशीबशी म्हणाली.

बाबा लगेच चपला शोधायला उठले.