रविवारची अर्जंट ऑर्डर

"आज कशाला हात लावू नकोस, नुसती पडून राहा," नवरा म्हणाला, आणि आठवडाभर शिलाईच्या कारखान्यात मशीन चालवणारी ती खरंच आडवी झाली. पाच मिनिटांत त्याने मीठ कुठे आहे ते विचारलं. मग चाळणी. मग सासऱ्यांचा चष्मा, लेकीचा एक मोजा, आणि "अगं, झोपलीस का?" हे तर दोनदा.

ती ताडकन उठली. "डोळे काय देवाने मला एकटीलाच दिलेत? स्वतःच्या घरात मीठ सापडत नाही तुम्हाला!" चपला पायात सरकवत ती कडाडली, "कारखान्यात अर्जंट ऑर्डर आहे. संध्याकाळी येईन."

"रविवारीसुद्धा? माणसं आहेत की कोण!" नवरा तिच्या कारखान्याच्या मालकावर तणतणला.

ऑर्डर कसली नि काय! कापडाच्या गठ्ठ्यावर तिला दोन तास अंग टाकायचं होतं. कारखान्याची एक किल्ली तिच्याकडे असायची; शटर मात्र आधीच अर्धं उघडं दिसलं. आतून सुपरवायझर बाई वाकल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.



"तुझीपण अर्जंट ऑर्डर? चपला हातात घे आणि हळू ये. आत सात जणी झोपल्यात."