सहा नंबरचे बूट

आजोबा दर रविवारी आपले लष्करातले बूट स्वतः पॉलिश करायचे. दुसऱ्या कोणाची त्यांना हात लावायची टाप नव्हती. ते गेल्यावर महिन्याने बाबांनी बूट काचेच्या कपाटात ठेवायला काढले. पुसताना मला तळाशी नंबर दिसला, सहा. “पण आजोबांना तर नऊ लागायचा!” “फौजेत मिळेल त्यात पाय कोंबायचा असतो,” धाकटे काका हसले. “त्यांचे नाहीतच ते,” आजी म्हणाली. “माझ्या पहिल्या नवऱ्याचे. तो लढाईत कामी आला. तुझे आजोबा त्याचे बूट पोचवायला आले. थोरला जन्मेपर्यंत थांबतो म्हणाले, ते जन्मभर थांबले.” थोरला म्हणजे बाबा. त्यांनी चप्पल काढली, पाय बुटात घातला. बूट मापाने शिवल्यासारखा बसला. मग गोंधळून ते सवयीने आजोबांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले, “अप्पा, हा काढू की राहू दे?”