वेगळं ताट

“माझ्या लेकाला खाऊन बसशील तू. ऊठ, माहेरी जा,” म्हणत कौशल्याबाईंनी सुनेची पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली.

“जाते, आई. गोळ्यांची बाटली तेवढी कपाटात राहू द्या,” दिव्या म्हणाली.

“तुझं विष तुझ्याबरोबर ने!” बाटलीही पिशवीत जाऊन पडली.

दर महिन्याला दिव्या पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यातून गोळ्या आणायची आणि कपड्यांखाली दडवायची. शेजारणीने तिला तिथे एचआयव्हीच्या खिडकीपाशी पाहिलं. त्या दिवसापासून कौशल्याबाईंनी तिचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला. तिने थापलेली भाकरी त्या खात नसत. तिने धुतलेलं लुगडं पुन्हा धुऊन काढत. बीड सोडून काळेवाडीत येऊन, चार घरची धुणीभांडी करून वाढवलेला मुलगा. त्याला काही झालं तर?

समाधान पहिली शिफ्ट संपवून चाकणहून आला. दाराबाहेर पिशवी, शेजारी बायको. तो थबकला.

“हिला कुठं धाडायलीस, आई?”

“तुझ्याच जिवासाठी करायले, बाबा. हिच्या त्या गोळ्या...”

समाधानने वाकून पिशवीतून बाटली काढली. त्याची मान वर होईना.

“माझ्या हायत. रोग मला हाय, आई. हिची तपासणी दर खेपेला चांगलीच निघती. कंपनीत कळलं तर काढतील, म्हणून हिलाच धाडतो. तुला सांगू नको म्हणलो, तर आजवर गप ऱ्हायली. आन मीबी गप बसलो. तू हिचं ताट बाजूला ठेवायचीस, मी बघून न बघितल्यावानी जेवायचो. मला लाज वाटती, आई.”

 कौशल्याबाईंनी त्याला हाताला धरून आत ओढलं, पदराने त्याचे डोळे पुसले, नाक पुसलं. उपाशीच आला असेल लेकरू. त्यांनी आपल्याच ताटात भाकरी वरणात कुस्करली आणि घास त्याच्या तोंडात घातला. त्याने रडत रडत गिळला. दुसरा घातला. बोटांना वरण लागलं होतं, ते त्यांनी सवयीने चाटलं.

हात तसाच तोंडाशी राहिला. दिव्या अजून उंबऱ्याबाहेरच उभी होती आणि त्यांच्या बोटांकडे बघत होती.

रोगाची भीती आपल्याला कधी वाटलीच नव्हती, हे कौशल्याबाईंना तेव्हा कळलं.