बलुत्याची एरंडी

मोतीराम सुतारानं खळ्यावर पोतं धरलं आणि पुंजाजीनं पायली भरून त्यात ओतली.

"लाभ," पुंजाजी म्हणाला. पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं.

पोत्यात पडली ती एरंडी. मोतीराम बघतच राहिला. वर्षभर त्यानं या घरची तिफण, वखर, गाडीची चाकं सांभाळली होती. त्याचं बलुतं म्हणजे बारा पायल्या ज्वारी. आजवर त्यात कधी बदल झाला नव्हता.

पण लढाई लागली, घासलेट मिळेना. दिव्याला तेल हवं, इंजिनांनाही म्हणे हेच तेल चालतं. बीबी गावच्या बाजारात एरंडीचा भाव तिपटीवर गेला. पुंजाजीनं यंदा सगळी वीस एकर एरंडी पेरली. ती विकायची, खायला ज्वारी विकत घ्यायची, वर चार पैसे गाठीला. माणूस शहाणाच होता. एकटाच शहाणा असता तर काही बिघडलं नसतं.

"जवारीपरीस महाग माल देऊन राह्यलो तुले," तो म्हणाला. "बाजारात इक, अन् घे जवारी."

"कोनाची घेऊ?" मोतीरामनं विचारलं. "सकायपासून सात खळे फिरलो, पाटील. वामनरावाचंबी. समद्यायनं एरंडीच मोजली."

पुंजाजीचा हात पायलीतच राहिला. वामनरावाची ज्वारी त्यानं मनात केव्हाच विकत घेऊन टाकली होती. बाहेरगावाहून येईल बाजारात, असं तो पुटपुटला. मोतीरामनं सांगितलं, मागच्या बाजाराला दुसरबीडचे लोक ज्वारीसाठीच बीबीला आले होते. कमरेला पैसे बांधून आले आणि रिकाम्या गाड्या घेऊन परतले.

पलीकडे पुंजाजीची बायको तानुबाई एरंडी पाखडत होती. तिचं सूप थांबलं. घरच्या कणगीचा तळ रोज तिच्याच हाताला लागत होता. होळीपर्यंत ओढूनताणून पुरेल. घरात खाणारी नऊ माणसं, त्यात थोरल्या सुनेला दिवस गेलेले. पदर सावरत ती उठली, आणि पाटलाच्या घरच्या बाईनं सुताराला कधी विचारलं नव्हतं, ते तिनं विचारलं.

"मोतीरामभाऊ, मांगच्या सालचं आमचं बलुतं... त्यातली जवारी उरली असन काय तुमच्या घरी?"

पुंजाजी तिच्यावर डाफरला नाही. तो मोतीरामच्या तोंडाकडे बघत होता.

उरली होती. गावातल्या सगळ्या घरांची थोडीथोडी मिळून अर्धी कणगी होती. मोतीरामला आजवर ते कधी जाणवलंच नव्हतं. आता जाणवलं, गावात शिल्लक ज्वारी होती ती फक्त त्याच्याच घरात.

"पाहातो, वैनी," एवढंच तो म्हणाला. मोजणी तशीच सोडून, पोतं खांद्यावर टाकून निघाला.

वाटेत वामनरावाच्या दारात त्याच्या पत्नी अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या. कधी नव्हे त्या हसल्या, लेकराबाळांची चौकशी केली, चहा घेऊन जा म्हणाल्या. मोतीराम थांबला नाही.

गावातल्या झाडून साऱ्या दारांचे अडसर त्याच्याच हातचे. त्याच्या स्वतःच्या दाराला तेवढा कधी नव्हता. लागलाच नव्हता. घरी येताच त्यानं बाभळीचं जाडजूड लाकूड निवडलं, दारातच बसला आणि दिवस मावळायच्या आत अडसर व्हावा म्हणून भराभर तासू लागला.