एकशे अठरा

“गाडी थांबवलीत ना, तर बघा! माझा बाप मरतोय इथे आणि तुम्हाला इंजिनाची पडलीय?”

“थांबवत नाहीये ताई. सांगतोय फक्त. एकशे बारा झालंय.”

“होऊ दे दोनशे!”

उन्नती मागच्या सीटवर होती. मांडीवर बाबांचं डोकं, डोक्याला तिचीच ओढणी गच्च बांधलेली. मघाशी ती ओढणी पिवळी होती.

पुढे डॅशबोर्डवर मोबाइलएवढा डिस्प्ले चिकटवलेला. त्याची वायर स्टिअरिंगखाली कुठेतरी खुपसलेली. वेग, बॅटरी, इंजिनाचं तापमान, सगळं त्यावर दिसत होतं. तापमानाचा आकडा लाल झाला होता आणि ते यंत्र सारखं टीं टीं करत होतं.

अर्ध्या तासापूर्वी पांडुरंग, म्हणजे तिचे बाबा, गिरीजच्या रस्त्यावर रक्तात पडले होते. सायकल एकीकडे, केळीच्या पानांचे भारे दुसरीकडे. आवाज ऐकून उन्नती वाडीतून धावत आली, तर हा पोरगा एकटाच त्यांना उचलायला बघत होता. “टेम्पोने उडवलं. पळाला तो,” एवढंच बोलला. गावातल्या डॉक्टरने ओढणी सोडलीसुद्धा नाही. म्हणाला, हायवेवरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, आत्ताच्या आत्ता. पोराने लगेच गाडी वळवली. मनवेलपाड्याचा, नाव अनुज. यापलीकडे तिला त्याच्याबद्दल काही माहीत नव्हतं.

“एकशे पंधरा,” अनुज पुटपुटला.

“ते टीं टीं बंद करा ना!”

“बंद करून गाडी थंड होते का?” तोही चिडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “काचा खाली घ्या. हीटर लावतोय.”

“मे महिन्यात हीटर? डोकं ठिकाणावर आहे का?”

“इंजिनाची गरमी आत ओढायची. तेवढाच दम धरेल ते.”

भट्टीतून यावी तशी हवा अंगावर आली. उन्नतीने बाबांच्या नाकाशी बोट धरलं. श्वास लागत होता. मग लागेना. मग परत लागला.

पुलावर गाड्यांची रांग. अनुजने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन त्याने अशा शिव्या घातल्या, की एका रिक्षावाल्याने घाबरून रिक्षा कठड्याला लावली.

एकशे अठरा.

“बाबा, उठा ना. लग्नवाल्यांची पानं राहिलीत. ओ बाबा.”

आणि आकडा एकदम पडला. एकशे दहा. नव्वद. शहात्तर.

“उतरलं! बघा, उतरलं!”

आरशात अनुजचा चेहरा पांढराफटक झाला. “पाणी संपलं, ताई. आतल्या सेन्सरला पाणीच लागत नाहीये. आता तो वाटेल ते दाखवेल.”

हीटरमधून गार हवा यायला लागली होती.

शेवटचा किलोमीटर बॉनेटखालून नुसता करकर आवाज येत होता. हॉस्पिटलच्या आवारात, भिंतीला नाक लावून गाडी मेली. अनुजने बाबांना दोन्ही हातांवर उचललं आणि पळत सुटला.

दीड तासाने डॉक्टरबाई बाहेर आल्या. “जगतील. दहा मिनिटं उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.”

अनुज तिथेच पायरीवर बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून हुंदके द्यायला लागला. उन्नतीला तोंड कुठे लपवू असं झालं. परक्या माणसासाठी एवढं कोण रडतं? आणि ती रस्ताभर त्याला कुत्र्यासारखी बोलली होती.

मग हवालदार आला. “तुम्ही आणलंत का? टेम्पोचा नंबर? चला जरा चौकीला.”

अनुज खाली मान घालून उभा. उन्नतीची सटकली. मदत करणाऱ्यालाच लटकवा! म्हणूनच रस्त्यात कोणी थांबत नाही.

“त्यांना कशाला नेताय?” ती मध्ये पडली. “टेम्पो मी पाहिलाय, माझ्या डोळ्यांनी. हे नंतर आले. लिहा तसं.”

तिने काहीच पाहिलं नव्हतं. पण हवालदाराने लिहिलं, खाली तिची सही घेतली आणि गेला.

एवढ्यावर तिचं मन भरेना. जूचंद्रला तिच्या मावसभावाचं, संकेतचं, गॅरेज होतं. तिने त्याला फोन लावला.

“राहू दे ताई, मी बघतो गाडीचं,” अनुज म्हणाला.

“गप बसा. माझ्या बापापायी इंजिन गेलंय तुमचं. भाऊ मानलंय, तर ऐका.”

संकेत आला. त्याने चावी फिरवली आणि डिस्प्लेचं बटण दाबत मागचे आकडे काढले. “कमाल आहे. आठवडाभर अठ्ठ्याऐंशीच्या वर गेली नाही ही. आणि आज सकाळी एकदम चढली.”

“जुनी आहे,” अनुज म्हणाला.

“जुनी गाडी हळूहळू तापते, मित्रा. ही फुटलीय.”

त्याने आणि उन्नतीने मिळून गाडी भिंतीपासून मागे ढकलली. अनुज हात लावायला आला नाही. संकेत पुढे उकिडवा बसला आणि जाळीत पक्कड घातली. “हे बघ. रेडिएटरला भोक. काहीतरी घुसलंय आत.”

दोन हिसके देऊन त्याने ते बाहेर काढलं आणि उन्नतीच्या हातावर ठेवलं.

सायकलच्या ब्रेकची दांडी होती. मोडलेली. बाबांच्या बोटांना फोड येतात म्हणून तिच्यावर निळी चिंधी गुंडाळलेली. गाठ उन्नतीनेच मारली होती, परवा.

ती अनुजकडे वळली.

“ताई,” तो म्हणाला, “मला आता निघायला हवं.”