साखळकरांचं निर्भीड परीक्षण

"संगणकातल्या राक्षसाला आपण घाबरत नसतो," थ्रीडी चित्रपटाच्या पत्रकारांसाठीच्या खास खेळात समीक्षक साखळकरांनी शेजारच्या किडकिडीत माणसाला ऐकवलं.

पडद्यावर भुईकोट किल्ला मशालींनी उजळला. हत्ती आले, तोफा आल्या. तेवढ्यात खंदकातून सात तोंडांचा राक्षस थेट अंगावर आला आणि साखळकर किंचाळत शेजाऱ्याच्या मांडीवर जाऊन बसले. पुढच्या रांगेतून कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकला.

"उतरा काका," तो हळूच म्हणाला. "तो राक्षस मीच झालोय."

साखळकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मध्यंतरात मागच्या दारानं पळून त्यांनी परीक्षण लिहिलं: 'दृश्यं डोळे दिपवणारी, पण राक्षसाला मांजरही घाबरणार नाही.'

सकाळी परीक्षण छापून आलं. त्याच पानावर चित्रपटाची जाहिरात होती: 'भल्याभल्यांची गाळण उडवणारा राक्षस!' खाली साखळकरांचा फोटो होता, मांडीवरचा.