उन्मेषचं वॉलेट

उन्मेष समुद्रात बेपत्ता झाला, त्याला बारा वर्षं झाली होती. देह सापडलाच नाही, म्हणून गुरुजींनी दर्भाचा पुतळा करून घाटावरच्या छोट्या चितेवर ठेवला. उन्मेषचे वडील, नाना, काडी ओढतात तोच शेजारी उभ्या ऋजुताच्या फोनवर सूचना वाजली.

"थांबा नाना," ती म्हणाली. "उन्मेषच्या वॉलेटमधून कुणीतरी बिटकॉइन काढलेत. आत्ता."

त्या वॉलेटमधले व्यवहार बाहेरून कुणालाही दिसत, पण ते उघडायची चावी, म्हणजे सांकेतिक शब्द, फक्त उन्मेषच्या डोक्यात होती. बायको असून ऋजुतालाही ती माहीत नव्हती.

नानांच्या हातातली काडी विझली. "कुणीतरी कोण? तोच," ते म्हणाले, आणि चितेवरचा पुतळा उचलून त्यांनी छातीशी धरला. गुरुजींनी पोथी मिटली. जिवंत माणसाच्या नावाने अग्नी द्यायचा तरी कसा?

ऋजुताचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. जिवंत असता तर त्याने आधी तिला फोन केला असता. क्वांटम संगणक एक दिवस असली कुलपं चावीशिवाय उघडतील, असं तोच सांगायचा. त्याने तिच्या भावालाही, तन्मयलाही, तसंच वॉलेट काढून दिलं होतं; त्याची चावी तन्मयने स्वतः ठरवली होती आणि कुणालाच सांगितली नव्हती. तिने फोनवर ते तपासलं. तेही नुकतंच रिकामं झालं होतं.

तन्मयला गेल्या वर्षी याच घाटावर तिने स्वतः अग्नी दिला होता.

नाना पुतळ्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"नाना," ती म्हणाली, "द्या त्याला माझ्याकडे."